परत न मागायची डबी

या सदरातले अनुभव मी हातात लाल पेन घेऊनच वाचते. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्याची ही खोड. कुणी लिहिलं, ‘अचानक थंडगार झुळूक आली’, की मी समासात लिहिते — खिडकी उघडी असेल. भूत, भानामती, स्वप्नात येऊन निरोप देणारे पूर्वज... यातलं मी कधीच काही मानलं नाही. ख्रिस्ती घरात जन्मले म्हणून आमच्याकडच्या चमत्कारांना वेगळी सवलत दिली, असंही नाही. तरी आज लिहायला बसले आहे, कारण ही गोष्ट माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली. आणि ती सांगताना मला भीती नाही वाटत, अभिमान वाटतो. तुम्हाला वाचताना काय वाटायचं ते वाटो.

आम्ही मूळचे वसईकडचे कॅथलिक. आमच्या ह्यांची नोकरी महाडच्या एमआयडीसीत, म्हणून बिरवाडीत बिऱ्हाड केलं. वीर स्टेशनवर तेव्हा नुकत्याच गाड्या थांबू लागल्या होत्या, म्हणजे नव्वदच्या दशकाची अखेर. महाडात आमची मोजकी घरं. महिन्यातून एकदा फादर यायचे आणि कुणाच्या तरी हॉलमध्ये मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, व्हायची. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. नाव रोझा, पण सगळे त्यांना रोझामाय म्हणत. लाल चौकडीचं लुगडं, काळ्या दोरीने मानेत अडकवलेला चष्मा, आणि शेजारणींच्या भांडणात न बोलावता न्यायाधीश होण्याची हौस — अशी बाई.

त्या येताना एक डबी घेऊन आल्या होत्या. गोल, पितळी, पुढून काच. आत पिवळट कापडावर चिकटवलेला एक धागा, मागे लाल दोरे आणि त्यांवर मेणाची मोहर. एका संताच्या अंगावरच्या वस्त्राचा तो धागा. संताचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं की लोक नवस बोलायला दारात येतात, आणि मग चहा मलाच करावा लागतो. एवढंच सांगते, की गरोदर बायका या संताचा धावा करतात.

अशा अवशेषांना आमच्याकडे दर्जे असतात. संताचं हाड असेल तर पहिला दर्जा, त्यांनी वापरलेली वस्तू दुसरा, आणि त्या वस्तूला नुसतं टेकवलेलं कापड तिसरा. “म्हणजे आपली डबी सेकंड क्लासची,” असं मी सासूबाईंना चिडवायचे. त्या चिडायच्या नाहीत. “तुझे पपा गेले, त्यांचा चष्मा तू अजून कपाटात ठेवलायस. त्याची पूजा करतेस का? नाही ना? पण फेकतही नाहीस. तसंच हे.” यावर मी स्वयंपाकघरात निघून जायचे.

डबीचे नियम त्यांच्या माहेरून पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. ती विकायची नाही. जिच्याकडे असेल ती मालकीण नव्हे, राखणदार. राखणदाराने जिवंतपणी, स्वतःच्या हाताने ती पुढच्या बाईला द्यायची. हातातून हातात गेली नाही, तर घराण्याचा हक्क संपला. मग ती बिशपांकडे जमा करायची. कुणी अडलेलं मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही. आणि सगळ्यात विचित्र नियम म्हणजे दिलेली डबी परत मागायची नाही. मागायला जायचं नाही, निरोप धाडायचा नाही. ज्याने नेली त्याने आपणहून आणायची. “मागून घेतलं तर तो उधारीचा व्यवहार झाला,” असं त्या म्हणायच्या.

आता शेवंताची ओळख करून देते. आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर तिचं घर. चार म्हशी, थोडी नाचणी-वरी, मुलगा मुंबईला कामाला. पोलादपूरहून एसटीने ती तूप विकायला महाडपर्यंत यायची, आणि आमच्याकडे तिचा रतीब होता. सासूबाई तूप बोटावर घेऊन वास घ्यायच्या, नाक मुरडायच्या आणि दर वेळी घ्यायच्याच. दोघींची गट्टी जमली होती. शेवंताच्या सुनेला दिवस राहायचे, पण टिकायचे नाहीत. तीनदा असं झालं होतं. एक दिवस शेवंता ओट्यावर बसली आणि पदर चाळवत म्हणाली,

“माय, तुमच्याकडं तुमच्या देवाचं कायतरी हाय म्हनं. सुनेला परत दिवस गेलेत. देशाल का?”

“देव नाही गो तो. देवाच्या एका माणसाची आठवण आहे.”

“आमाला चालंल. आमच्याकडं पन देवाची मान्सं हायत.”

सासूबाईंनी तिथल्या तिथे डबी काढली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. जमिनीवर ठेवू नकोस, मोहर फोडू नकोस, हळदकुंकू लावू नकोस, प्रार्थना मात्र तुझ्या देवाची कर, एवढंच सांगितलं. सुनेने डॉक्टरकडे जायचं चुकवायचं नाही, हे मी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “हो, हेही.”

पुढच्या पावसाळ्यात एसटीच्या कंडक्टरकडून निरोप आला — मुलगा झाला, दोघं बरी आहेत. सासूबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. पण शेवंता काही खाली उतरली नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला, तूपही बंद. मी रोज एकदा तरी म्हणायचेच, “गरज सरो, वैद्य मरो.” सासूबाई खिडकीशी बसून माळेचे मणी ओढत राहायच्या आणि ऐकू न आल्यासारखं करायच्या.

मग त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हृदय कमजोर, त्यामुळे ऑपरेशनला डॉक्टर तयार होईनात. घरीच पलंगाला पाय बांधून, टोकाला वजन लावून ठेवलं. आठवडे उलटले तशा त्या खंगत गेल्या, छातीत कफ साठायला लागला. डॉक्टरांनी ह्यांना दाराबाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. माझी नणंद ग्लोरिया वसईहून आली. ती फार भाविक, रोज मिस्साला जाणारी. डबी पुढे तिच्याकडेच जाणार, हे सगळ्या नातेवाइकांनी धरलेलं होतं, आणि माझी त्याला काहीच हरकत नव्हती.

“वहिनी, आईच्या हातून डबी मिळायला हवी. आणि ती तर डोंगरात,” ग्लोरिया रडवेली होऊन म्हणाली. “तुम्ही जाऊन घेऊन या ना.”

मला ते पटलं. नियम नियम म्हणून किती धरायचे? एका रविवारी मी चपला घातल्या, छत्री घेतली. सासूबाईंचा आवाज आतून आला, खोल गेलेला, पण स्पष्ट.

“एस्तेर, कुठे निघालीस?”

“पोलादपूरला. शेवंताकडे.”

“जा. पण मग ती डबी मला आणून दाखवू नकोस. मी हात लावणार नाही.”

“आई, तुमच्या माहेरचा हक्क जाईल.”

“जाऊ दे. पण मागून आणलेली नको.”

मी चपला काढल्या. रागाने काढल्या, हे कबूल करते. इतकी हट्टी बाई मी पाहिली नव्हती. मरणाच्या दारात माणसं काय काय मागतात, आणि यांना आपलीच वस्तू मागायची नव्हती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी घडलेली गोष्ट. सासूबाईंना दुपारपासून गाढ झोप लागली होती. ग्लोरिया उशाशी बसून होती, उठलीच नाही. संध्याकाळी जाग आल्यावर मी चहा नेला, तर त्यांनी तोंड फिरवलं. “आत्ताच तर झाला. गुळाचा होता, बरा होता.” आमच्या घरात चहात गूळ कुणीच घालत नाही. औषधाची गुंगी, म्हणून मी कप परत नेला आणि विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शेवंता. डोक्यावर टोपली, टोपलीत तुपाची बरणी, खरवस आणि नाचणी. छातीशी धरलेला आमचाच रुमाल, धुऊन स्वच्छ केलेला. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली.

“टीचर, रागावू नका. डबी माझ्याकडं राह्यलीच नाय. सुनेचं झालं नि खालच्या वाडीतली पोर अडली, ती घेऊन गेली. तिथनं पल्याडच्या. कुनाला नाय कसं म्हनायचं? परत आली तर म्हशी आटलेल्या, गाभण, घरात तूप नाय. दुसऱ्याची वस्तू रिकामी कशी धाडू? म्हटलं, म्हशी व्येऊ देत. त्या व्याल्या, तूप झालं, तरी निघते-निघते म्हनत राह्यले. पन काल माय सोता आली नि माझी मलाच लाज वाटली.”

“कोण आलं?”

“माय. तुमची सासू. काल दुपारी.”

मी तिला आत नेलं. खोलीच्या उंबऱ्यावर ती थांबली. बांधलेला पाय, लटकणारं वजन, उशीत बुडालेला तो एवढासा चेहरा तिने पाहिला. टोपली तिच्या हातातून खाली घसरायला लागली, ती मी धरली.

“ही कधीपासनं अशी?” तिने हळूच विचारलं.

“दोन महिने होत आले.”

ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग तुटक तुटक सांगितलं. ती अंगणात नाचणी पाखडत होती. माय चढण चढून आली, लाल लुगडं नेसलेली, दम लागलेला. ओट्यावर बसली. सुनेने गुळाचा कोरा चहा दिला, तो प्यायली. बाळाला मांडीवर घेतलं, अंगठ्याने त्याच्या कपाळावर आडवी-उभी रेघ ओढली, क्रुसासारखी. समोर फळीवर डबी होती, तिच्याकडे बघितलं.

“काय म्हणाली?” ग्लोरियाने विचारलं.

“कायच नाय. डबीचं नाव पन नाय घेतलं. बाळ गुटगुटीत हाय म्हनाली. मग ‘येते गो’ म्हनून उठली. मी तूप आनायला आत गेले, भायेर येते तर नाय कोन.”

मला गुळाचा चहा आठवला आणि मी खुर्ची ओढून बसले.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. पुढे उन्हाळ्यात मी त्या वाडीवर जाऊन आले, लाल पेनच घेऊन म्हणा ना. शेवंताच्या सुनेने माझ्या सासूबाईंना आधी कधी पाहिलं नव्हतं. मी काहीही न सुचवता तिने चष्म्याची काळी दोरी सांगितली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने मात्र त्या दुपारी कुणालाच चढताना पाहिलं नव्हतं, आणि तो दिवसभर कुंपण बांधत बाहेरच होता. हेही लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते. कुणी सारख्या दिसणाऱ्या बाईचा तपास केला, तर अशी कोणी त्या वाटेला आलीच नव्हती. दोघी सासू-सुनांना एकदमच भास झाला म्हणावं, तर मग सासूबाईंच्या तोंडातला तो गूळ राहतोच.

पण त्या सकाळी या कशाचाच विचार झाला नाही. आमच्या आवाजाने सासूबाईंनी डोळे उघडले. शेवंताला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

“आई,” मी विचारलं, “काल तुम्ही हिच्याकडे गेला होतात का?”

“मी कशाला जाईन?” त्या म्हणाल्या. “आपण मागायला जात नसतो.”

एवढंच. त्यापलीकडे त्यांनी त्यावर कधी अक्षर काढलं नाही.

शेवंताने रुमाल सोडून डबी त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी मोहर अंगठ्याने चाचपली, शाबूत होती. डबी ओठांना लावली. किती घरं फिरून आली, असं विचारलं. शेवंताने बोटांवर मोजत नावं घेतली, आणि प्रत्येक नावाला सासूबाईंनी मान हलवली, जणू सगळ्या त्यांच्या लेकी. ग्लोरिया पलंगाशी आली. तिचे डोळे भरलेले, दोन्ही हात पुढे केलेले.

“एस्तेर, इकडे ये,” सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, उशी सारखी करायची आहे.

“हात पुढे कर.”

“आई, मी? माझा तर यावर विश्वासही नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे. ग्लोरियाचा आहे, म्हणून ती हिला जिवापाड जपेल. दागिन्यांच्या कप्प्यात ठेवेल, कुलूप लावेल. तू दोन शब्द बोलशील, नाक फुगवशील, पण दारात कुणी आलं तर देऊन टाकशील.” त्यांना धाप लागली, त्या थांबल्या. “राखायला तशीच बाई लागते.”

ग्लोरिया मुळूमुळू रडली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, “खरंय वहिनी. मी नसती दिली कुणाला.” तिनेच माझा हात धरून पुढे केला. सासूबाईंनी डबी माझ्या तळव्यात ठेवली आणि माझी बोटं मिटवली. शेवंता भिंतीशी हात जोडून उभी होती. त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या.

आज इतकी वर्षं झाली, माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. प्रार्थना मी अजूनही सवयीनेच म्हणते, चमत्कार म्हटलं की भुवई अजूनही वर जाते. रोझामाय त्या दुपारी खरोखर डोंगर चढल्या होत्या का, असं कुणी विचारलं तर मी ‘माहीत नाही’ म्हणते, आणि ते खरं आहे. पण मोडक्या पायाची ती बाई कुठल्याही रीतीने का होईना तिथपर्यंत पोहोचली असेल, डबी समोर फळीवर दिसत असताना, हाताशी वेळ उरला नसताना, तर ती चहा पिऊन, दुसऱ्याच्या नातवाचं कौतुक करून परत फिरली. तिने ती मागितली नाही. अशा बाईची मी सून आहे.