मैनावहिनीची मुशी

बुरोंडीची मुशी समुद्रात कधी गुडघ्याच्या वर गेली नव्हती. तिला पोहता येत नव्हतं, सुरमई आणि तोवर या माशांतला फरक कळत नव्हता, आणि होडीत पाय ठेवायचा म्हटलं तरी तिला मळमळायचं. कारण निळा मुखवटा घालून कोकणभर लोकांच्या शिव्या खाणारी ही मुशी म्हणजे अलोऱ्याचा रावजी भुवड होता, अंगापिंडाने धिप्पाड आणि स्वभावाने दूधभात.

बुरोंडीची खरी कुणी असेल तर ती त्याची बायको, मैना. माहेरी किनाऱ्यावर लिलावाला मांडलेल्या मुश्या, म्हणजे लहान शार्क, तिने लहानपणापासून पाहिलेल्या. मेलेल्या मुशीचीसुद्धा लोकांना भीती वाटते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून धाकटा दीर निलेश मुंबईतलं मांडव-स्टेजचं काम सोडून गावी आला आणि त्याने 'महाबली दंगल' नावाची कुस्तीची कंपनी काढली, तेव्हा रावजीची मुशी तिनेच केली. मुखवटा शिवला तो मोडलेल्या छत्रीच्या कापडाचा. डोळ्यांना भोकं ठेवली, नाकाला ठेवली, कानांना ठेवायची राहिली.

"राहू दे गो," रावजी म्हणाला होता. "शिव्या ऐकू येत नाय ते बरंच हाय."

ही कुस्ती म्हणजे तालमीतली नव्हे. टीव्हीवर असते तसली, कोण पडणार ते आधी ठरलेली. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात पेंढा अंथरायचा, त्यावर ताडपत्री ताणायची, चार कोपऱ्यांना वासे पुरून मैनाच्या भावाकडून आणलेला होडीचा जाड दोर बांधायचा, की झाली रिंग. दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात खेळ. निलेशने सुरुवातीला मल्लांना मुंबईची झकपक नावं दिली, इंग्रजीतून आव्हानं द्यायला लावली. पहिल्या दोन गावांत लोक अर्ध्यातून उठून जेवायला गेले.

तेव्हा निलेश वहिनीसमोर पडवीत येऊन बसला. मैना फणसाच्या आठळ्या सोलत होती.

"वयनी, काय चुकतंय माझं?"

"भाऊजी, ते दोघं भांडतात कशावरून?"

"भांडतात म्हंजे... पट्ट्यासाठी. चँपियनच्या."

"पट्टा कुणाला हवाय?" मैना म्हणाली. "त्या मुशीने रातोरात दुसऱ्याचा गडगा हातभर आत सरकवला, असं सांगा. मग बगा."

पुढच्या शनिवारी निलेशने माईकवरून तेवढंच सांगितलं. कुंपणाचा दगडी गडगा सरकवला म्हटल्यावर कोकणात कोण जेवायला जातो? प्रत्येकाला आपापला चुलतभाऊ आठवला. बायका उभ्या राहून मुशीच्या नावाने बोटं मोडू लागल्या. एका म्हाताऱ्याने रिंगजवळ येऊन पोफळीच्या करंटला आपल्या वकिलाचा पत्ता दिला.

पोफळीचा करंट म्हणजे कंपनीचा नायक, ऋत्विक. तो निलेशच्या बायकोचा, मृणालीचा, सख्खा भाऊ. व्यायामशाळेत कमावलेलं अंग, वीजघराच्या गावचा म्हणून छातीवर सोनेरी वीज रंगवलेली. तो यायच्या आधी दिवे घालवायचे आणि मग जनरेटर सुरू करायचा. जनरेटर त्याच्या वडिलांचा होता. सामान वाहणारा टेम्पोही त्यांचाच. त्यामुळे ऋत्विक हरत नसे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तो हरेल असा विषय निघाला की टेम्पोला गॅरेजचं काम निघायचं.

तेव्हापासून दर गुरुवारी दीर पडवीत यायचा आणि वहिनी हातातलं काम न सोडता त्याला पुढच्या खेळाची गोष्ट सांगायची. मुशीने लग्नात करंटच्या आईला पत्रिका दिली नाही. मुशीने करंटच्या हापूसवर आपल्या बागेचा शिक्का मारला. गोष्टी मैनाच्या, टाळ्या ऋत्विकच्या, आणि आदळणं रावजीचं. पडण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो असा पडायचा की पहिल्या रांगेतल्या बायका "आई गं!" म्हणायच्या, आणि समोरच्याला खरचटायचंसुद्धा नाही. खेळ संपला की पडद्यामागे तोच ऋत्विकच्या पाठीवरचा पेंढा झटकून द्यायचा.

मुशी कोण, हे कुणाला सांगायचं नाही, असा निलेशचा कडक नियम. अलोऱ्यात लोक समजायचे की रावजी भावाच्या कंपनीत सामान उचलतो. नळावर बायका विचारायच्या, "काय गो मैना, शनिवारी गेले काय खुर्च्या लावायला?" सासूबाई, यमुनाबाई, रात्री लेकाच्या पाठीला तेल लावताना करवादायच्या, "खुर्च्या उचलून कुणाची पाठ अशी होते?" मैना दोन्हीकडे गप्प. पण गप्प माणसाला लागत नाही असं थोडंच आहे?

म्हणून दिवाळीत तिने निलेशकडून शब्द घेतला होता. अलोऱ्यात खेळ होईल तेव्हा मुशी जिंकेल, आणि सगळ्या गावासमोर मुखवटा काढेल. एकदाच.

"वयनी, आयशप्पत," निलेश म्हणाला होता.

अलोऱ्याचा खेळ देवळासमोरच्या शेतात ठरला. मैनाने गोष्टही तशीच रचली. गडग्याचा दगड आधी करंटनेच सरकवला होता, मुशी बिचारी आपली जागा परत घेत होती. चार खेळांपासून ती ह्याची पेरणी करत आली होती.

आणि शनिवारी दुपारी निलेश स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत येईना.

"वयनी, स्टोरीत जरासा बदल हाय."

मैनाने भाकरी उलटली. "केवढासा?"

"म्हंजे शेवट तेवढा. पोफळीची पोरं येणार हायत बघायला. ऋत्विक म्हणतो, माझ्या गावच्या पोरांसमोर मी पडणार नाय. मृणालीपण म्हणते... बरं, जनरेटर काढून नेला तर अंधारात काय कंदील लावू? पुढच्या वर्षी नक्की, वयनी."

"मग गडगा कुणाचा ठरला?"

"आँ? गडग्याचं... बघू."

तो गेला. मागीलदारी पाय धूत असलेल्या रावजीने सगळं ऐकलं होतं.

"जाऊ दे गो. पडायला येतं मला."

"ते दिसतंय," मैना म्हणाली. तिचा राग त्याच्यावर नव्हता, पण जवळ तोच होता.

संध्याकाळी ती नारळ घेऊन विठूकाका गुरवांकडे गेली. अलोऱ्यात देवीपुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. क्रिकेटचे सामने असोत, नवी बोअरवेल असो, कुणाच्या नातवाची इंजिनिअरिंगची ॲडमिशन असो, विठूकाका देवीला साद घालून मागणं मागतात आणि जमलेला गाव "होय म्हाराजा" म्हणून त्याला होकार भरतो. एकदा गावाचा होकार पडला की विषय संपला.

"काका, आजच्या खेळाचं गाऱ्हाणं तुम्हीच घालणार ना?"

"मग काय निलेश घालणार? त्याला देवीचं नाव तरी धड घेता येतं?"

"त्यात माझं एक मागणं घाला. मुशीला यश दे म्हणून."

काकांनी चष्मा वर केला. "मुशी? मासा तो?"

"मासा."

"बरं." काकांनी नारळ हलवून पाणी आहे का पाहिलं. "देवीला काय, मासा काय नि माणूस काय. सगळी लेकरं तिचीच."

रावजीला तिने यातलं काही सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याने लगेच जाऊन भावाला सांगितलं असतं, आणि वर ऋत्विकची समजूतही घातली असती. गाऱ्हाण्याच्या वेळी तो रिंगमध्येच असणार, ऐकेल की, असा तिने हिशोब केला.

शेत फुलून गेलं होतं. पोफळीची पोरं शिट्ट्या घालत होती. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर यमुनाबाई, शेजारी मैना आणि तिची लेक आरोही. एका कोपऱ्यात करंट, छातीवर वीज. दुसऱ्या कोपऱ्यात निळा मुखवटा. मधे पंच म्हणून संदेश, एरवी बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा. विठूकाका दोर वाकवून आत शिरले आणि त्यांनी हात जोडले.

"बा देवी म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज तुझ्या अंगणात तुझ्या लेकरांनी जो खेळ मांडलाय, तो निर्विघ्न पार पाड म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कुणाचा हात मोडू नको, पाय मोडू नको, जनरेटर बंद पडू देऊ नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात निलेशचा आवाज सर्वांत मोठा.

"आणि ही जी मुशी तुझ्या दारात उभी हाय, तिची जागा तिला मिळू दे, तिला यश दे, तिच्यासमोर जो उभा ऱ्हाईल त्याची पाठ भुईला लागू दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खं शेत गरजलं. सवयीने पोफळीची पोरंही गरजली, आणि मग एकमेकांकडे बघू लागली.

निलेशच्या हातातला माईक खाली आला. ऋत्विकचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. हा गडी लिंबू बांधल्याशिवाय जनरेटर सुरू करत नसे. परक्या गावची देवी, तिच्या दारात उभा, आणि गावाने होकार भरलेला. त्याने मुकाट्याने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

मैनाने समाधानाने मुशीकडे पाहिलं. मुशी खांदे मोकळे करत होती, नेहमीसारखी. जरा जास्तच नेहमीसारखी. आणि मग मैनाच्या लक्षात आलं. कान! मुखवट्याला कानच नव्हते!

शिट्टी झाली. ऋत्विकने रावजीच्या छातीला नुसतं बोट लावलं आणि स्वतःच धाडकन उताणा पडला. रावजी गोंधळला. त्याच्या हिशोबाने पडायची पाळी त्याची होती. ऋत्विकचा पाय घसरला असेल, आता पोराची अब्रू जायची, असं वाटून तोही घाईघाईने शेजारी पडला. पडला तोही असा सुरेख, की दोन बायका "आई गं!" म्हणाल्याच.

आता दोघे शेजारी शेजारी, आभाळाकडे तोंड करून. संदेशने कुणाचं मोजायचं ते कळेना म्हणून निलेशकडे पाहिलं. निलेशने देवळाकडे पाहिलं.

"माझ्यावर हात ठेव," ऋत्विक दातांतून म्हणाला.

मुशीला ऐकू आलं नाही. तिने ऋत्विकचा हात उचलला आणि आपल्याच छातीवर नीट ठेवला. ऋत्विकने विस्तवावरून घ्यावा तसा तो काढून घेतला. रावजीने पुन्हा ठेवला, वरून थोपटला. ऋत्विक लोळत दोरापर्यंत गेला. रावजी त्याच्या मागोमाग लोळत गेला आणि त्याच्या खाली शिरायचा प्रयत्न करू लागला.

"झोपायला आलात काय रे?" मागून कुणीतरी ओरडलं. "अंथरूण देऊ का?"

"गडग्याचा निकाल लावा आधी!"

हसण्याची लाट उठली. उद्या नळावर काय काय बोलतील, ते मैनाला आजच ऐकू येऊ लागलं. ती उठली, रिंगपाशी धावली, दोराला धरून वाकली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तोंडातून आलं ते रोजचंच.

"अवो आरोहीचे बाबा! उठा! तुम्हाला जिंकायचंय!"

अलोऱ्यात आरोही एकच. आणि तिचे बाबाही एकच.

"च्यायला," कुणीतरी म्हणालं, "हा तर आपला रावजी!"

एवढ्या जवळून हाक आल्यावर छत्रीच्या कापडाचं काय चालणार? रावजी उठून बसला. बायकोने बोटाने दाखवलं तसा तो गुमान ऋत्विकवर आडवा झाला. ऋत्विकने सुटकेचा श्वास टाकून खांदे टेकले. संदेशने इतक्या घाईने मोजलं की दोन म्हणायचं राहिलंच. पण ते कुणी ऐकलं नाही. अलोऱ्याची सगळी माणसं खुर्च्यांवर उभी होती.

"आता काय करू?" रावजीने दोरापलीकडून विचारलं.

"हात वर करा!"

त्याने पोलिसांनी धरल्यासारखे दोन्ही हात वर केले. मुखवट्याची गाठ मात्र सुटेना. ती मैनाने मारलेली, तिलाच सुटायची. शेवटी पदर खोचून ती रिंगमध्ये चढली आणि गाठ सोडली. आत घामाने निथळलेला, लाल झालेला, कानापर्यंत हसणारा रावजी. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी ढोलसुद्धा वाजवला. मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने त्याच मुखवट्याने टिपलं.

यमुनाबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या खुर्चीतून उठल्या, काठी टेकत निलेशपाशी गेल्या आणि माईक चालू आहे याचं भान न ठेवता म्हणाल्या, "मेल्या, म्हंजे इतके दिवस माज्या लेकाला ह्यो मार तू खायला घालतोस? आणि तेल मी लावतेय?"

त्या रात्रीची सर्वांत मोठी टाळी त्यांना मिळाली.

टेम्पोला गॅरेजचं काम निघालं नाही. कारण दुसऱ्याच दिवशी मैनाने धाकट्या जावेकडे वाटीभर खीर नेली आणि सहज म्हणाली, "मृणाली, ऋत्विकला माणसाने कुठं पाडलं? त्याला पाडायला देवीला यावं लागलं." आठवडाभरात पोफळीत ऋत्विक हीच गोष्ट आपली म्हणून सांगत होता.

गुरुवारी निलेश पडवीत येऊन बसला. या वेळी आपणहून पाटावर न बसता खाली बसला.

"वयनी, पुढचा खेळ बुरोंडीला. तुमच्या माहेरी. कोण पडणार?"

"तुम्ही सांगा. मालक तुम्ही."

"वयनी, नका ना तसं."

"माझे भाऊ पुढं बसणार. मुशी पडली तर ते दोर सोडवून घरी नेतील. त्यांचाच हाय."

आतून रावजीचा कण्हल्यासारखा आवाज आला. "परत जिंकायचं? अगो, पडलो की पडून तरी ऱ्हाता येतं. जिंकल्यावर हात कुठं ठेवायचे तेच मला कळत नाय."

मैनाने मांडीवरचा निळा मुखवटा उलटा केला आणि कात्री घेतली. कानाला भोक पाडलं, कड दुमडून शिवून टाकली. दुसऱ्या कानाशी थांबली, विचार केला, आणि तो तसाच ठेवला. शिव्यांसाठी एक बंद असलेला बरा.

"भाऊजी," तिने विचारलं, "बुरोंडीला माझी खुर्ची कुठल्या बाजूला लावणार, ते आधी सांगा. भोक चुकीच्या कानाला पडलं असेल तर आत्ताच उसवते."