उघडा फासा

माझ्या साडूंइतक्या लढाया अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात कुणी लढवल्या नसतील, आणि त्यांच्याइतका भित्रा माणूसही मी दुसरा पाहिला नाही. घरात झुरळ निघालं तर ते कॉटवर चढून बसत आणि आक्काला हाक मारत. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. गिरणीत ते माग खात्यात जॉबर होते, पण हाताखालच्या विणकराला रागवायचं झालं तर आधी त्याला चहा पाजत, आणि चहा पिऊन होईपर्यंत राग कुठल्या कुठे गेलेला असे. असा हा माणूस दर रविवारी जेवणं झाली की चाळीतल्या आपल्या खोलीत मांडी ठोकून बसायचा आणि संध्याकाळच्या चहापर्यंत दोन-अडीचशे माणसं कापून काढायचा.

खेळ त्यांचा स्वतःचा होता. बुद्धिबळावर त्यांचा फार राग. ‘प्यादं मेलं तर त्येचं नाव बी कुनाला ठावं नसतं, ह्यो काय खेळ झाला व्हय?’ म्हणत. मग त्यांनी स्वतःच एक लढाई जुळवली. शहाबादी फरशीवर खडूने किल्ला काढायचा, गिरणीतल्या रिकाम्या कांड्या शत्रूचे शिपाई म्हणून उभ्या करायच्या, आणि खेळणाऱ्या प्रत्येकाने किल्ल्यातलं एकेक माणूस व्हायचं. त्या माणसाला नाव हवं, गाव हवं आणि एक तरी वाईट खोड हवीच. बिनखोडीच्या माणसाला ते किल्ल्यात घेतच नसत. मी पोस्टात, म्हणून मला जासूद केलं. त्यांच्या खात्यातला नरसय्या विणकर तोफा डागायचा, आणि कोपऱ्यावरचे सायकलवाले हुसेनभाई घोडेस्वार. बाकी सगळं साडूबुवा एकटे. शत्रू ते, किल्लेदार ते, बिथरलेला हत्ती ते, आणि खिंडीतून येणारा वारासुद्धा तेच. पंचाहत्तरच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही तिघे चांगले बायकापोरांचे धनी, पण रविवारी पायाला मुंग्या येईपर्यंत त्या फरशीवरून हलत नसू.

लढाईला तोंड लागलं की आम्ही तिघेही एकदम ओरडायचो. साडूबुवा हात वर करून सगळ्यांना गप्प करत, एकेकाला विचारत आणि एका दमात होईल तेवढंच करू देत. एकदा हुसेनभाईंनी सांगितलं की मी भिंत चढतो, दोर कापतो, पहारेकऱ्याला लोळवतो आणि गंजीला आग लावतो. साडूबुवांनी शांतपणे विचारलं, ‘हे समदं एका दमात? हुसेनभाई, मगाशी जिना चढून आलासा तवा पानी मागितलंसा की.’ मग किती पडायला हवं ते आधी मोठ्याने सांगायचं आणि पितळी ताटात दोन फासे टाकायचे. मागाच्या तुटक्या धोट्याच्या लाकडाचे फासे होते ते, त्यांनीच कानशीने घासलेले, ठिपके तापल्या दाभणाने पाडलेले. ताट सगळ्यांच्या मधोमध, फासा उघडा. आठ म्हटलं आणि सात पडले तर संपलं, मग तुम्ही पाया पडा नाहीतर रुसून घरी जा. ‘पडलं ते पडलं,’ एवढंच ते म्हणत. जावयाची वरात अडवायची नाही आणि पडलेला फासा फिरवायचा नाही, ही त्यांची दोन तत्त्वं होती, आणि जावई त्यांना नव्हता.

रविवार संपला तरी लढाई त्यांच्या डोक्यातून उतरत नसे. माझ्या जासुदाच्या पायाला बाण लागला, त्याच्या तिसऱ्या दिवशी भर मंगळवार पेठेत त्यांनी मला गाठून विचारलं, ‘पाव्हणं, पाय कसा हाय?’ मीही गंभीरपणे ‘ठणकतोय’ म्हणालो, तर पानवाल्याने उठून मला स्टूल दिलं. नरसय्याचा तोफेवरचा गोलंदाज मेला तेव्हा तर कहरच झाला. सोमवारी नरसय्या कामावर आला नाही. साडूबुवांना वाटलं, बिचाऱ्याने मनाला लावून घेतलं. ते डोक्याला पांढरी टोपी घालून त्याच्या घरी समाचाराला गेले आणि दारातच मान खाली घालून त्याच्या बायकोला म्हणाले, ‘वैनी, लई केलं, पर वाचला न्हाय.’ त्या माउलीने तेलुगूत असा काही हंबरडा फोडला की सारी आळी गोळा झाली. नरसय्या मागच्या मोरीत अंघोळ करत होता. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तेव्हा त्याला बघून साडूबुवाच आधी दचकले.

आक्का पहिली काही वर्षं या खेळाला नावं ठेवायची. मग एक दिवस चुलीपाशी बसल्या बसल्या तिने विचारलं, ‘तुमच्या त्या किल्ल्यात तीन म्हैनं वेढा पडलाय म्हनं. पानी कोन भरतंय?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तीन महिने चारशे माणसं पाण्यावाचून लढत होती आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून भागू नावाची पाणी भरणारी बाई किल्ल्यात आली, आणि ती म्हणजे आक्का. भागूची खोड म्हणजे ती किल्लेदारालाही चार शब्द सुनवायची. नवऱ्यानेही तिला कधी सूट दिली नाही. भागू दोनदा पडली, एकदा भाजली, आणि एकदा कैदेत सापडून तीन रविवार तिथेच बसून राहिली. आक्का तेवढे दिवस भाजी निवडत मुकाट्याने ऐकायची.

मग आक्का आजारी पडली. पोटात दुखतं म्हणून सुरुवात झाली आणि पाहता पाहता तिने अंथरूण धरलं. मोठ्या डॉक्टरांनी साडूबुवांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर साडूबुवांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘तिला कळाय नगं. शपथ हाय तुमाला.’ मी शपथ घेतली. आजही मला वाटतं, तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचं तोंड बघून माझ्याच्याने ते झालं नाही.

खेळ थांबवायचा नाही असं आक्कानेच बजावलं, म्हणून आम्ही तिच्या कॉटशेजारी फरशीवर बसू लागलो. फरक एवढाच की साडूबुवांनी ताट बंद केलं. आवाज तिच्या डोक्यात जातो म्हणाले. मांडीवर चादरीची घडी ठेवून, गुडघ्याआड ते फासे टाकत आणि किती पडलं ते आम्हाला तोंडी सांगत. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजारी माणसाच्या घरी कोण ताट वाजवणार?

चौथ्या रविवारी मी जरा लवकर गेलो. नरसय्या आणि हुसेनभाई यायचे होते, साडूबुवा औषध आणायला गेले होते. आक्काने मला जवळ बोलावलं.

‘दाजी, डाक्टर काय म्हनला त्ये मला ठावं हाय. तुमी काय सांगू नगासा.’

घरी मी बायकोला बोललो होतो; मला वाटलं, तिच्या तोंडून काही निसटलं असेल. कुणी सांगितलं म्हणून विचारलं.

‘ह्यांनीच की. तीन आयतवार झालं, भागूला वरखडा बी न्हाय. बान चुकत्यात, आग इझती. सख्ख्या बायकूला कैदेत बशिवनारा मानूस ह्यो. त्यो फासा झाकाय लागला, तवाच म्या म्हनलं, माजं काय खरं न्हाय.’ मग ती म्हणाली, ‘माज्यासंगं धड बोलत बी न्हाईत. नजर चुकिवत्यात. आसं न बोलता जायाचं का म्या?’

तेवढ्यात साडूबुवा बाटली घेऊन आत आले. आक्का म्हणाली, ‘ताट आना.’

‘आवाज हुईल.’

‘हू द्या. भागू वेशीभाईर चाललीया. हिरीवरनं पानी आनती आन् आत येती. दोन येळा फासं टाका. येक पान्याचा, येक तिचा. झाकून न्हाय, उघडं टाका.’

साडूबुवांनी बाटली खाली ठेवली. मग त्यांनी ताट काढलं आणि फरशीवर न ठेवता कॉटवर, तिच्या हाताशी ठेवलं. पाण्याला आठ हवेत म्हणाले. दहा पडले. घागर वेशीच्या आत पोचली, भागू अजून बाहेर होती. भागूला सात हवेत म्हणाले. फासे टाकले आणि तीन पडले.

शत्रूच्या हत्तीचा चीत्कार हुबेहूब काढणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना. आक्काला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

शेवटी ते म्हणाले, ‘भागू वाचत न्हाय.’

‘व्हय,’ आक्का म्हणाली, ‘ठावं हाय मला. या, हितं बसा.’

ते कॉटच्या कडेला बसले आणि तिच्या हातावर डोकं ठेवून पोरासारखे रडले. मी बाहेर गॅलरीत आलो. नरसय्या आणि हुसेनभाई जिना चढत होते, त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं.

आक्का त्यानंतर एकोणीस दिवस होती. साडूबुवांनी रजा टाकली. आम्ही कधीही गेलो तरी दोघं बोलत असायची. माहेरची चिंच, वर्षाच्या आतच गेलेलं त्यांचं मूल, कुठली साडी कुणाला द्यायची, चहात साखर किती घालायची. तिने सांगायचं, यांनी हुंकार भरायचा. मूल गेलं त्याविषयी पंचवीस वर्षांत त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी एकदा मी भीत भीत विचारलं की त्या दुपारी सात पडले असते तर? साडूबुवा हसले. अलीकडे ते फार क्वचित हसत. म्हणाले, ‘मग म्या आनिक खोटं बोललो आस्तो, पाव्हणं. आन् ती माजं खोटं सांभाळत तशीच गेली आस्ती.’

एवढं बोलून ते उठले आणि चहा टाकायला आत गेले. साखर किती, हे त्यांनी विचारलं नाही. आक्का आमच्यातल्या ज्याला त्याला जेवढी घालायची, तेवढीच त्यांनी घातली होती.