आमच्या पाळीचं दूध

आमच्या गावच्या पैलवानांवर मी लिहावं, एवढी माझी लायकी नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वाक्य चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण लिहिल्याशिवाय आता राहवत नाही.

काष्टीच्या यात्रेत आखाड्यात उतरले की ते आधी शड्डू ठोकत नसत. पुढे बसलेल्या एखाद्या म्हातारीला विचारत, "आजे, कोनच्या अंगाला पाडू? तुला नीट दिसाया पायजे." म्हातारी हात करी, आणि समोरचा गडी खरोखर त्याच अंगाला चितपट होई. मग आम्ही सगळेच पागोटी उडवायचो.

असा पैलवान गावच पोसतं. घरोघरी दुधाची पाळी असे. ज्याची पाळी, त्याच्या घरचा तांब्या तालमीत जायचा. आमची एकच गाय, तीही आटत आलेली. आमच्या पाळीला पैलवान तांब्या नुसता ओठाला लावत आणि तसाच माझ्या हातात परत देत.

"पोट भरलंय. तू पी. मॅट्रिकला बसायचंय न्हवं?"

"पण पैलवान, खुराक तुमचा..."

"आरं, हत्तीला तांब्याभर दुधानं काय हुतंय!"

मी प्यायचो. आईला ठाऊक होतं. ती मान खाली घालून तांब्या घासायची. आणखी काही गरीब घरांचे तांबेही असेच भरलेले परत जात, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी यात्रेत समोर पुण्याकडचा एक कोवळा गडी होता. पैलवानांचा दम लवकरच तुटला. त्यांची पाठ मातीला लागली तशी हलगी थांबली, आणि कोणीतरी ओरडलं, "आमचं दूध पिऊन पडतोस व्हय रं?"

मी गर्दीतून पुढे घुसलो. तोंड उघडणार, तोच मातीनं भरलेला हात माझ्या खांद्यावर पडला. पैलवान हळूच म्हणाले, "गप. तालमीचं दूध घरी प्यालात म्हनून गाव तुझ्या आईला वाळीत टाकंल." मग लोकांकडे वळून हसले, "लई पिलो, त्येच अंगावर आलं!"

कोणीच हसलं नाही. दूध बंद झालं. ते दौंडला स्टेशनात हमाली करू लागले, मी नगरला शिकायला आलो. दौंडची गाडी इथूनच जाते. जाऊन भेटावं असं पुष्कळदा वाटे. पण कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणून राहून जाई.

परवा गावाहून मामा आले. पायताण काढायच्या आधीच म्हणाले, "पैलवान गेले. दौंडातच जाळलं."

मग भिंतीला टेकून बसले. "तालमीत कुनी दिवासुदिक लावंना. तवा तुझी आई तालमीच्या दारात हुभी ऱ्हायली आन् दुधाचं समदं गावाला सांगितलं. एकलीनं."