उचलून ठेवायचं नाही

कंपनीत रुजू होताना एक फॉर्म भरून घेतात. रक्तगट, अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्याचा नंबर आणि अगदी शेवटी छंद. माझ्याबरोबरच्या मुलींनी वाचन, संगीत असं लिहिलं. मी त्या दिवशी का कोण जाणे खरं लिहून बसले: मॉडेल रेल्वे. त्याची शिक्षा दोन वर्षांनी झाली.

आमची कंपनी बिस्किटं करते. शिरूर तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत जे पत्र्याचे निळे कारखाने एकासारखे एक दिसतात, त्यातला एक. मी लॅबमध्ये आहे. मैद्यातला ओलावा मोजायचा, तेलाचा वास घ्यायचा, साखरेत सुतळी सापडली तर पिशवीत घालून त्यावर तारीख टाकायची. दिवसभर फारसं कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला आवडतं. राहायला शिरूरमध्ये खोली आहे. शनिवारी न्हावरा-चौफुला करत दौंडला आईकडे जाते.

आई दौंडच्या यार्डात पॉइंट्समन आहे. बाई असली तरी हुद्द्याचं नाव तेच. वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यांच्या जागेवर ती लागली. डबे जोडणं, तोडणं, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घ्यायला सांधे बदलणं, ड्रायव्हरला झेंडी दाखवणं. इंग्रजी शाळेत मी सांगायचे, "माय मदर इज इन द रेल्वेज." मुलींना वाटायचं, पंख्याखाली बसून सही करत असेल. मी ते वाटू द्यायचे. एकदा शाळेच्या गेटवर ती ग्रीस लागलेल्या बुटांनी उभी होती, तेव्हा मी मागच्या गेटने गेले. पुढे ज्यांना ज्यांना मी तुच्छ लेखलं, त्यांच्या यादीत मागच्या गेटने जाणारी ही मुलगीही आहे.

आईच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या खोलीत माझा बोर्ड आहे. सहा फूट लांब, दीड फूट रुंद प्लायवूड. त्यावर एक मेन लाइन, तिला समांतर बाजूची लाइन आणि एका टोकाला फुटून बिस्किटाच्या कारखान्यात शिरणारा एक फाटा. फाट्याला तीन जागा. गेटजवळ मैद्याचं दार, मध्ये साखरेचं, आणि पार शेवटी तेलाचा पाइप. गाडी येते ती इंजिनमागे तेलाची टाकी, मग साखर, मग मैदा अशी. तीन डबे तीन जागांवर लावायचे, एवढाच खेळ. इंजिन पुढेमागे न्यायला एक फिरवायचं बटण, डबे सोडवायला खराट्याची तासलेली काडी. नियम एकच: हाताने काही उचलून ठेवायचं नाही. खऱ्या यार्डात आभाळातून हात येत नाही.

छंदवाल्यांचा पुण्याचा एक ग्रुप आहे, त्यात मीही आहे, कधी काही लिहीत नाही. ही माणसं नुसत्या हॉर्नवरून इंजिन कुठल्या शेडमधलं ते सांगतात. डब्याच्या लाल रंगाची छटा चुकली म्हणून त्यांची चार-चार दिवस भांडणं चालतात. पण डब्यात काय आहे, ते कुणाला हवंय, कुठल्या दारी उतरायचं आहे, हे त्यातल्या एकालाही कधी विचारावंसं वाटलेलं नाही. मी एकदाच माझ्या बोर्डाचा फोटो टाकला. उत्तर आलं, "छान. पण गाडी फिरते कुठे?"

आईने बोर्डाकडे बरेच दिवस दुर्लक्षच केलं. यार्डातून आल्यावर पुन्हा यार्ड कोण बघेल? एका रविवारी मात्र चहा घेत दारात उभी राहिली. मी डबे लावून इंजिन बाहेर काढल्यावर आत आली, काडेपेटीतली एक काडी मोडली आणि मैद्याच्या डब्याच्या चाकाखाली सरकवली.

"हे काय?"

"पाचर. उभ्या डब्याला आधार नको व्हय?"

"आई, ही काडी त्या चाकाएवढी आहे. स्केलमध्ये नाही बसत."

"घरंगळला म्हंजी बसंल," ती म्हणाली आणि भाकरी करायला गेली. मी काडी काढून टाकली. दिसायला वाईट दिसत होती.

तर, शिक्षा. यंदा फॅमिली डेला 'टॅलेंट कॉर्नर' ठेवायचं ठरलं आणि एचआरच्या मॅडमनी जुने फॉर्म उपसले. या मॅडम सगळ्यांना 'डिअर' म्हणतात आणि कुणाचंही नाव लक्षात ठेवत नाहीत, त्या डिअरचा उपयोग तोच असावा.

"डिअर, टॉय ट्रेन! सो क्यूट! किड्सना खूप आवडेल."

मी सांगितलं, ती टॉय नाही, आणि कारखान्यात माल कसा लागतो ते दाखवते. दहा मिनिटं लागतील. एवढं बोलायला मला आठवड्याचं बळ लागलं. त्यांनी मला थेट प्लांट हेडकडे नेलं. साहेबांच्या टेबलावर आमच्याच बिस्किटांची बशी असते आणि ते ती कधी खात नाहीत.

"गोल फिरणार ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. डबे त्यांच्या त्यांच्या दारी लागतात. मैदा, साखर, तेल."

"बोअर होईल गं. लोकांना मूव्हमेंट हवी." मग बोर्डाच्या फोटोतल्या शेवटच्या पाइपवर बोट ठेवून, "हे काय आहे?"

"तेल उतरवायची जागा, सर."

"आपल्याकडे तेल कुठून येतं? मागून?"

सहा वर्षं या प्लांटचे प्रमुख असलेल्या माणसाने हे मला विचारलं. त्यांच्याच खिडकीखाली, डाव्या हाताला, तेलाचे टँकर उभे असतात. ड्रायव्हर सावलीला गमछा अंथरून झोपलेले असतात, आणि उठून मलाच विचारतात, "मैडम, सैंपल पास हुआ क्या?" मी म्हणाले, "डावीकडून, सर." ते म्हणाले, "ओके, दहा मिनिटं. पण नाही जमलं तर पुढच्या वर्षी गोल."

म्हणजे माझ्याकडे दहा मिनिटं होती. एक गाडी, तीन डबे, तीन दारं, हात न लावता. कुणी टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटत नव्हतं. एकदा, फक्त एकदा, हे काम माणसांसमोर पुरं व्हावं असं वाटत होतं. आणि आई समोर असावी. तिला मी स्वतः बोलावलं होतं, पुढच्या गेटने.

बोर्ड वरवंडच्या एका ओळखीच्या टेंपोतून आला. कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर ठेवून, मी आणि आई दोन्ही बाजूंनी धरून. कॅन्टीनमध्ये फुगे लावले होते. एका कोपऱ्यात टॅटू, एकात पॉपकॉर्न, मधल्या स्टेजवर एकजण माइकवर "आवाज आला नाहीऽऽ" असं ओरडत होता. आवाज सगळ्यांना येत होता. मला जेवणाचं एक टेबल मिळालं, त्याचा एक पाय आखूड.

मुलं आली, "फिरत नाही" म्हणून गेली. राहिले ते पॅकिंगमधल्या दोन बाया आणि एक म्हातारे आप्पा, आमच्या भट्टीवरच्या एका ऑपरेटरचे वडील, वडगाव रासाईचे. पांढरी टोपी, हात मागे बांधलेले. साहेब मॅडमना घेऊन आले. मॅडमनी मोबाइल धरला. आई टेबलाच्या टोकाला, जत्रेत पाळण्याशी उभं राहावं तशी.

मी गाडी आणली. सांधा बदलला. आणि इंजिन सरळ फाट्यात घातलं.

दौंडच्या माणसाला ही चूक काय आहे ते सांगावं लागत नाही. आमच्या गावाची ओळखच ती: पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबायची, इंजिन सोडून बाजूच्या लाइनने दुसऱ्या टोकाला आणून लावायचे, मग गाडी पुढे. आता बाहेरून लाइन टाकली आहे, तरी ते फिरवणं गावाच्या अंगात आहे. माझा सगळा बोर्ड त्या एका गोष्टीवर उभा होता. आधी इंजिन फिरवून मागे लावायचं, मग डबे ढकलत आत न्यायचे, म्हणजे टाकी आपोआप शेवटच्या पाइपाशी जाते. घरी हे मी शंभरदा केलं होतं. साहेब बघत होते, मोबाइल बघत होता, आणि मी फिरवायचंच विसरले. इंजिन जाऊन तेलाच्या पाइपाशी उभं राहिलं. मागे तीन डबे. पुढे भिंत.

"झालं?" साहेब म्हणाले.

"नाही सर. इंजिन आत अडकलं."

"मग उचल आणि मागे लाव ना. काय एवढं!"

इथे एक कबुली द्यायला हवी. त्या हॉर्नवाल्यांना मी तुच्छ समजते, पण घरी असं कोंडलं की मी दाराकडे एकदा बघते आणि इंजिन उचलून मागे ठेवते. प्रत्येक वेळी. शंभरदा केलं म्हणाले त्यात अशा किती वेळा होत्या, ते मी मोजलेलं नाही. त्या दिवशीही माझा डावा हात निघाला होता. पण उजव्या हाताने मी गाडी मागे घ्यायला बटण फिरवलं होतं, म्हणजे डबे हलत होते. आणि साहेबांचा हात माझ्या आधी, वरून, इंजिन आणि टाकीच्या मधोमध.

"हाऽऽऽत!"

आईचा हा आवाज मी पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. घरातला आवाज नव्हे. डिझेलच्या धडधडीतून, चाळीस डब्यांच्या पलीकडे पोचायला केलेला आवाज. स्टेजवरचा माइकवालासुद्धा गप्प झाला. साहेबांनी हात असा झटकन् मागे घेतला की घड्याळ टेबलाच्या कडेवर आपटलं. माझा हातही मागे आला होता. तो कुणाला दिसला नाही.

साहेब हसले. "मावशी, खेळणं आहे हो हे."

"व्हय, खेळणं हाय," आई म्हणाली. "तुमचा हात तर खरा हाय ना?"

पॅकिंगमधली एक बाई फिस्सकन हसली आणि तोंडाला पदर लावला.

"दोन डब्यांच्या मधी हालती गाडी आसताना हात घालत न्हाईत. आमच्या पाळीत एकजण हुता, त्यो बी आसाच म्हनायचा, काय एवढं. आता डाव्या हातानं जेवतो." मग माझ्याकडे वळून, "थांबीव."

मी गाडी थांबवली. साहेबांनी घड्याळ तपासलं, मॅडमना इंग्रजीत म्हणाले की इंटरेस्टिंग लेडी आहे, आणि लकी ड्रॉकडे गेले. मॅडमनी व्हिडिओ बंद केला. दहा मिनिटं केव्हाच संपली होती.

"आता?" मी आईला विचारलं.

"आता काय? जशी आत घातलीस तशी भायेर काढ. माझ्या हाताकडं बघ."

ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली, हात खांद्याच्या वर केला आणि हळू हळू हलवू लागली. मी गाडी मागे घेतली. तिने हात आडवा धरला, मी थांबवली. खराट्याची काडी तिच्याकडे दिली. काडी घालायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं, मी बटणावरचा हात काढून वर धरला, तेव्हाच तिने काडी घातली. इंजिन सुटलं, बाजूच्या लाइनने सावकाश मागे आलं, मैद्याच्या डब्याला टेकलं.

आप्पा वाकून म्हणाले, "म्हंजी उसाच्या दोन ट्राल्या रिव्हर्स घ्यायच्या तसं हाय की हे."

"व्हय आप्पा," आई म्हणाली.

"मंग डायवरचं काय काम न्हाई. मागं उभा हाय त्याचं काम." आणि मागे उभ्या बाईला म्हणाले, "सरक गं, मागं जागा दे त्यान्ला."

जिथे एवढे डिग्रीवाले हिंडत होते, तिथे माझा बोर्ड पहिल्या नजरेत कळला तो साखर कारखान्याच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला. मला आनंद व्हायला हवा होता. मला बाकीच्यांचा राग आला.

टाकी पाइपाशी लागली. साखर साखरेच्या दारी. मैदा गेटजवळ. तिकडे लकी ड्रॉत मिक्सरचा नंबर पुकारला गेला, पॅकिंगमधली एक बाई धावत गेली आणि तो तिचा नव्हता म्हणून परत आली. मी इंजिन सोडवून बाहेर काढलं. झालं होतं. एकदाही न उचलता.

आणि मैद्याचा डबा हलला. टेबलाचा आखूड पाय. डबा अगदी सावकाश, स्वतःच्या मर्जीने, गेटमधून बाहेर निघाला. माझा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आईने इंजिनकडे बोट केलं. मी इंजिन पुन्हा आत नेलं, डब्याला लावलं, ढकलत दारापर्यंत आणून धरून ठेवलं.

"बिरेक बांधला न्हाईस," आई म्हणाली.

आप्पांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी मोडली आणि विचारलं, "घालू का, का आजून हालतीया?"

मी बटणावरचा हात काढून वर धरला. मगच त्यांनी काडी चाकाखाली सरकवली.

सोमवारी मॅडमचा मेल आला. डिअर, मॅनेजमेंटला तुझा बोर्ड लॉबीत कायमचा ठेवायचा आहे, फक्त ट्रॅक गोल करायचा आणि जमलं तर एक बोगदा. मी एका ओळीत नाही म्हणून कळवलं. शाळेने शिकवलेलं इंग्रजी अशा वेळी फार कामाला येतं. लॉबीत आता बाजारातून आणलेली एक गाडी गोल फिरते. तिच्या डब्यांना दारंच नाहीत.

बोर्ड दौंडला परत गेला. मी त्याचा नवा फोटो ग्रुपवर टाकला. लगेच एकाने लिहिलं की मैद्याच्या डब्याखाली काहीतरी लाकडाचा तुकडा दिसतोय, स्केलमध्ये नाही.

काडी मी काढलेली नाही.