त्याआधी काय होतं

यिशुन या उपनगरात, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मलय आजोबा राहतात. काहीही सांगा, त्यांचा एकच प्रश्न: "त्याआधी?" मी पुण्याची म्हणाले, तर "त्याआधी?" वडील साताऱ्याचे म्हणाले, तर पुन्हा तेच. पहिलं वर्षभर त्यांना टाळायला मी लिफ्ट सोडून जिन्याने उतरायची.

मागच्या ऑगस्टमध्ये, नॅशनल डेच्या तोंडावर, माझी लेक कॉरिडॉरमध्ये शाळेचं भाषण पाठ करत होती. इथे नुसतं जंगल आणि चार कोळी होते, मग इंग्रज साहेब जहाजातून उतरला आणि त्याने शहर वसवलं. आजोबा कठड्याला झेंडा बांधत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "त्याआधी?"

तिने वही चाळली. वहीत जंगलाआधीचं काहीच नव्हतं.

रविवारी ते आम्हा दोघींना एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर घेऊन गेले. तिथे उत्खननाच्या खड्ड्यापाशी त्यांनी टोपी काढली. मातीतून निघालेली खापरं दाखवून म्हणाले, "इथे राजे राहायचे. साहेबाच्या पाचशे वर्षं आधी लाह." वाक्याच्या शेवटी "लाह" जोडायची इथली लकबच आहे. मग लेकीला आइस्क्रीम घेऊन दिलं.

तिने भाषण बदललं. नॅशनल डेला टीव्हीवर परेड चालू असताना मी तिला सांगत होते, तुझे बाबा आणि मी दोन बॅगा घेऊन इथे आलो. एरवी इंग्रजीत बोलणारी माझी लेक चक्क मराठीत म्हणाली, "त्याआधी?"

मी परेडचा आवाज बंद केला आणि साताऱ्यापासून सुरुवात केली.

हल्ली मी लिफ्टपाशी आजोबांसाठी थांबते.