शंख वाजायच्या आत

न्यू टाउनच्या ऑफिसला जाताना शेअर ऑटोने करकचून ब्रेक मारला आणि माझं डोकं समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. रक्त आलं नाही, टाके पडले नाहीत. मेंदूला हादरा बसलाय, डॉक्टर म्हणाले. एक-दोन दिवस पूर्ण आराम, मग रोज थोडं थोडं काही करायचं, आणि डोकं ठणकायला लागलं की थांबायचं.

ते थांबणंच मला जमत नव्हतं. जरा बरं वाटलं की मी कपडे धुवायचे, लॅपटॉप उघडायचे आणि दुसरा दिवस पडदे ओढून काढायचे. कोणाशी बोलायला नको, हे एरवी मला आवडलं असतं. पण लागलेलं दिसत नसलं की ते पटवून द्यावं लागतं, आणि पटवून द्यायला माझ्या भाड्याच्या खोलीत कोणी नव्हतंच.

खाली घरमालकीण राहायच्या. त्यांना मी इथल्या बंगाली रीतीने मासीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. दिवेलागणीला त्या देवापुढे तीनदा शंख फुंकायच्या. आता तो आवाज कवटीत शिरून तिथेच घुमत राहायचा. पण दुसऱ्याच्या देवघरातला शंख बंद करा, असं भाडेकरूने कसं म्हणायचं? म्हणून मी त्याआधीच बाहेर पडायचे. घरांपासून लांब, तळ्याकाठी एक बाक होता. अंधार पडेपर्यंत तिथे डोळे मिटून बसायचे आणि येताना भिंतीचा आधार घेत यायचे. जिन्यात मासीमा दिसल्या की हसायचे.

एका रविवारी सकाळी आईचा फोन आला.

"तुझ्या मासीमांशी बोलले हो मी, आमच्या मोडक्या हिंदीत. रोज संध्याकाळी फिरायला जातेस म्हणे."

"हो."

"मग ऑफिसलाच काय होतं गं? डोकं काय कामापुरतं दुखतं?"

ती हसत होती. मीही हसले. फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडून दुपार उलटेपर्यंत काम केलं, जणू ती मागे उभी राहून बघत होती.

संध्याकाळी बाहेर पडण्याइतकं त्राणच उरलं नाही. उशी कानांवर दाबून पडले होते. खालून धुपाचा वास आला, म्हणजे आता शंख. मी कठडा धरून जिना उतरले. मनात आधी इंग्रजीत जुळवलेलं सगळं वाक्य दारातच विसरले.

"मासीमा, आज शंख मत बजाइए."

शंख त्यांच्या ओठांजवळ होता. "क्यों?"

"सिर में बहुत लगता है."

"रोज?"

"रोज."

"तो तुम रोज घूमने..." त्या थांबल्या. "पागल मेये! पागल लड़की! बोलना था ना!"

त्यांनी शंख कपाळाला लावला आणि खाली ठेवला. ट्यूबलाइट बंद केली. मी शेवटच्या पायरीवर बसले. लांबच्या घरांमधले शंख ऐकू येत होते, सोसवतील इतके.

वर येऊन मी आईला फोन लावला.

"आई, मी फिरायला नाही जात गं."

ती हळू आवाजात म्हणाली, "मग कुठे जातेस?"

मी सांगायला लागले.