काकांच्या मेंदूचे तीन नमुने

आमच्या समोरच्या काकांइतका संशयी माणूस ठाकुर्लीत दुसरा नसेल. आणि संशय आला की त्यांच्याइतका खूश माणूसही नसेल. कल्याणजवळ मोहन्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी धागा तपासण्यात काढली. एका नमुन्यावर माल पास करायचा नाही, तीन घ्यायचे, हा तिथला नियम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, नियम सुटला नाही. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की काका म्हणतात, "अजून दोनदा घ्या." लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी घेतानाही आधार याच नियमाचा.

ठाण्याला राहणाऱ्या सुनेने त्यांच्या मोबाइलवर एक चाचणी पाठवली: ‘तुमचा मेंदू पुरुषी की बायकी?’ वीस प्रश्न होते. सकाळी काका चष्मा कपाळावर ठेवून माझ्या दारात; माझा चहा हातातच निवला. "सत्तर टक्के बायकी! अहो, मी!" दुपारी जेवून पुन्हा सोडवली, तर पंचावन्न टक्के पुरुषी. संध्याकाळी बरोबर मधोमध. "एका दिवसात तीन निकाल! आणि प्रश्न काय, तर गाडी मागे घेता येते का. माझ्याकडे गाडीच नाही, मग मी कोण?" जिन्यात चार माणसं जमेपर्यंत ते थांबले नाहीत.

त्या वर्षी त्यांच्या घरात एक प्रश्न अडून होता. मुलगा काका-काकूंना ठाण्याला राहायला बोलावत होता. काकांचं उत्तर ठरलेलं: "मी उद्या येईन रे, पण हिला तिकडे करमायचं नाही."

चाचणीचा खोटेपणा पक्का करायला काकांनी ती काकूंवरही लावायचं ठरवलं आणि पडताळ्यासाठी त्यांच्या नावाने वीस उत्तरं आधी स्वतः लिहून काढली. चाळीस वर्षांचा संसार, उत्तरं चुकणार कशी? मग मला साक्षीला बसवून ते मेथी निवडणाऱ्या काकूंना एकेक प्रश्न विचारू लागले. अकराव्या प्रश्नापर्यंत तीनच उत्तरं जुळली. बारावा होता: नव्या जागी राहायला जायचं म्हटलं की काय वाटतं? काकांनी लिहिलं होतं, भीती.

"मजा वाटते," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मजा. नातीची शाळा तिथून दोन मिनिटांवर आहे. वर्षभर सगळ्यांना सांगत सुटलात, हिला करमायचं नाही. मला विचारलंत कधी?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, विचाराल कधीतरी."

काकांनी तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. तिसऱ्यांदा आवाज बराच खाली आला होता. काकूंचं उत्तर बदललं नाही. उरलेले आठ प्रश्न तसेच ठेवून काकांनी मुलाला फोन लावला.

काका-काकू ठाण्याला राहायला गेले त्याला आता सहा महिने झाले. समोर एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. माणसं सभ्य आहेत, दार बंद असतं. सकाळचा चहा मी शांतपणे, गरम असतानाच पिऊन संपवतो.